आधी कळस, मग पाया: स्केल मॉडेल कार पहिल्यांदा बनवताना

किटचा डबा उघडला की वरच सूचनापत्रक दिसतं आणि त्यातली पहिली पायरी बहुधा इंजिनाची किंवा चेसिसची असते. नवखा माणूस साहजिकच तिथून सुरुवात करतो. काही संध्याकाळी मजेत जातात, खालचा सांगाडा झकास जुळतो, हुरूप वाढतो. बॉडी रंगवायची पाळी येते ती अगदी शेवटी, आणि तोवर गाडी पूर्ण झालेली बघायची घाई झालेली असते. मग रात्री रंग, सकाळी पॉलिश, दुपारी काचा. अशा गाडीच्या टपावर बोटांचे ठसे कायमचे राहतात.

रणगाड्याच्या मॉडेलवर चिखल, गंज, धूळ चढवून बरंच काही झाकता येतं. लढाऊ विमानाचा रंग बहुधा मॅटच असतो. कारला असा आडोसा नाही. चकचकीत रंगावर एकेक ओरखडा, एकेक धूलिकण उजेडात उठून दिसतो. म्हणून इथे कामाचा क्रम उलटा ठेवायचा: आधी कळस, मग पाया. बॉडीला पहिल्याच दिवशी हात घालायचा आणि तिचा रंग वाळत असताना बाकीची गाडी बांधायची.

किट निवडताना

प्लास्टिक कार किटमध्ये दोन प्रमाणं सर्वांत जास्त चालतात, १/२४ आणि १/२५. साडेचार मीटर लांबीची खरी गाडी १/२४ मध्ये पावणेएकोणीस सेंटीमीटरची होते, १/२५ मध्ये बरोबर १८ सेंटीमीटरची. कपाटात शेजारी ठेवल्या तर फरक पटकन कळतही नाही. १/२५ हे मुख्यतः अमेरिकन प्रमाण. एएमटी ही कंपनी तिकडच्या गाडीविक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या छोट्या प्रतिकृती बनवत असे आणि १९५८ मध्ये तिने घरी जोडायची कार किट आणली. तिथून हे प्रमाण रुळलं. १/२४ जपानी आणि युरोपीय कंपन्यांचं. टामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चारही कंपन्या जपानच्या एकाच शिझुओका प्रांतातल्या आहेत. याशिवाय फॉर्म्युला वन गाड्यांसाठी १/२०, भल्यामोठ्या मॉडेलसाठी १/१२ आणि तळहातावर मावणाऱ्या गाड्यांसाठी १/४३. हा ४३ चा विचित्र आकडा ओ गेज खेळण्यातल्या रेल्वेच्या प्रमाणावरून आलेला आहे.

ही मंडळी अचूकतेच्या मागे किती लागतात याचा एक किस्सा या छंदात सगळ्यांना ठाऊक असतो. १९७६ साली आलेल्या १/१२ पोर्शे ९३४ च्या किटसाठी टामियाने खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मोजमापांसाठी ती सुटी केली.

पहिल्या किटसाठी मात्र अचूकतेपेक्षा साधेपणा बघा. इंजिन नसलेलं किट घ्या. बॉनेट बंदच असतं, त्यामुळे भाग कमी आणि बॉडी एकसंध. गाडी आधुनिक आणि एकाच रंगाची असावी. पन्नाशीच्या दशकातली क्रोमने मढलेली अमेरिकन गाडी किंवा जाहिरातींनी भरलेली रेसिंग कार डब्यावरच्या चित्रात कितीही खुणावत असली तरी ती तिसऱ्या-चौथ्या किटसाठी ठेवा. डब्यावरचं चित्र नवं आहे म्हणून साचाही नवा असेल असं धरू नका. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे साचे पुन्हा पुन्हा नव्या डब्यांतून विकले जातात. असे भाग नीट बसत नाहीत, आणि दोष आपल्या हाताचा आहे असं नवख्याला वाटत राहतं. साचा कोणत्या वर्षीचा, हे विकत घेण्याआधी शोधून ठेवा. रेझिनची, म्हणजे ओतीव राळेच्या भागांची, किट तूर्त नकोतच.

आणखी एक गोष्ट डबा निवडतानाच बघायची ती प्लास्टिकच्या रंगाची. लाल प्लास्टिकच्या बॉडीवर पांढरा किंवा पिवळा रंग दिलात तर काही दिवसांनी खालचा लाल वर झिरपून गुलाबी झाक येऊ शकते. पांढऱ्या किंवा करड्या प्लास्टिकला ही भीती नाही.

हत्यारं

सुरुवातीला लागतं ते थोडकंच. प्लास्टिक कापायचा बारीक तोंडाचा निपर, टोकदार पात्याचा हॉबी कटर, चांगला चिमटा, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटरप्रूफ पॉलिश पेपर, मॉडेलसाठीचा मास्किंग टेप आणि तीन प्रकारचे गोंद. एअरब्रश, कॉम्प्रेसर, फोटो-एचचे (रसायनाने कोरलेल्या बारीक भागांचे) धातूचे पत्रे हे सगळं पहिल्या गाडीला नाकापेक्षा मोती जड. स्प्रेच्या डब्याने उत्तम बॉडी रंगवता येते. पैसे घालायचेच असतील तर निपरवर घाला आणि कटरची पाती सढळ हाताने बदला. बोथट पातं प्लास्टिक कापत नाही, फाडतं. शिवाय त्याला जोर लावावा लागतो, आणि बोट कापतं ते अशाच वेळी.

तीन गोंद का? किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्याचा खास पातळ सिमेंट खऱ्या अर्थाने चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करतो. दोन भाग आधी एकमेकांवर धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. बोट मात्र फटीवर ठेवू नका, नाहीतर गोंद बोटाखालीही शिरतो आणि तुमचा ठसा प्लास्टिकमध्ये कोरला जातो. रंगवलेल्या किंवा क्रोम चढवलेल्या पृष्ठभागाला हा सिमेंट धरत नाही, तिथला थर आधी खरवडावा लागतो. दुसरा गोंद म्हणजे सुपरग्लू, धातू आणि रेझिनसाठी. तिसरा पांढरा पाण्याचा गोंद, काचांसाठी. सुपरग्लू काचेजवळ नेऊच नका, त्याच्या वाफेनेसुद्धा पारदर्शक भागावर पांढुरकी धुरकट झाक बसते.

रंगांची जात

बहुतेक बॉडी नासतात त्या इथे. मॉडेलचे रंग तीन जातींचे: लॅकर, अ‍ॅक्रिलिक आणि इनॅमल. लॅकरचं थिनर सर्वांत जहाल, म्हणून लॅकर खाली. त्यावर अ‍ॅक्रिलिक किंवा इनॅमल चालतं. इनॅमलवर लॅकर मारलात तर खालचा थर सुरकुततो, फुगतो आणि सगळं खरवडून काढावं लागतं. प्रायमर, बॉडीचा रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) हे तिन्ही एकाच कंपनीचे लॅकर स्प्रे घेतलेत तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

लेबलं मात्र नीट वाचा. टामियाचे टीएस डबे स्टायरीनच्या मॉडेलसाठी असतात; तशाच दिसणाऱ्या डब्यांवर पीएस लिहिलेलं असेल तर ते रिमोट कंट्रोल गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी असतात आणि ते आपल्या कामाचे नाहीत. तसंच एक्स-२०ए हे अ‍ॅक्रिलिकचं थिनर आणि एक्स-२० हे इनॅमलचं. एका अक्षराच्या फरकाने रंगाच्या बाटलीत गुठळ्या होतात.

पहिल्या बॉडीला काळा रंग नको, त्यावर सगळं दिसतं. पांढरा आणि पिवळा कडांवर पातळ पडतात. मेटॅलिक देखणा असतो, पण त्याला थेट पॉलिश पेपर लावता येत नाही, चंदेरी कण खरवडले जाऊन डाग पडतात. त्यावर क्लिअर चढवणं भागच असतं. मध्यम निळा, हिरवा किंवा साधा करडा घ्या.

लॅकरची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही असते. हवा खेळती हवी, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको आणि तोंडावर सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क हवा. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही.

पहिला दिवस: बॉडी

साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट द्रव्याचा अंश प्लास्टिकवर राहिलेला असू शकतो. बॉडी भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि आपोआप वाळू द्या.

भाग चौकटीतून, म्हणजे स्प्रूमधून, सोडवताना दोन काप घ्यायचे. पहिला भागापासून थोडा लांब, दुसरा त्या उरलेल्या ठोकळ्यावर. तरीही केसभर उंचवटा राहतो, तो पॉलिश पेपरने बसवायचा. एकाच कापात भागाला चिकटून निपर चालवला तर प्लास्टिक पांढरं पडतं किंवा खळगा निघतो.

आता बॉडी दिव्याखाली धरून तिरकी फिरवा. साच्याचे दोन तुकडे जिथे मिळतात तिथे एक बारीक उंच रेघ राहते. कारच्या बॉडीवर ती बहुधा पुढच्या-मागच्या मडगार्डवरून, टपाच्या खांबांवरून आणि बंपरच्या कोपऱ्यांतून जाते. नजर फसते, पण नखाला ती लगेच लागते. ६०० नंबरचा ओला पेपर घेऊन ही रेघ काढा, मग ८०० ने ओरखडे बसवा. खऱ्या गाडीवर नसलेली ही रेघ रंगाखाली लपत नाही, उलट चमकेवर अधिकच दिसते. नवख्याचं मॉडेल ओळखायची माझी पहिली खूण हीच.

दरवाजे, बॉनेट, डिकी यांच्या फटींमध्ये प्रायमर, रंग आणि क्लिअर असे थर साचतात आणि फटी बुजतात. म्हणून रंगाआधीच त्या पात्याच्या पाठीने किंवा स्क्रायबरने (रेघा कोरायच्या टोकदार हत्याराने) किंचित खोल करून घ्यायच्या. जोर न लावता, चार-पाच हलक्या ओढी. हात घसरून ओरखडा पडलाच तर तो आत्ता भरता येतो, रंगानंतर नाही.

मग एक कंटाळवाणं पण वेळ वाचवणारं काम. बॉडी, चेसिस, आतला टब (सीट आणि डॅशबोर्ड बसतात तो भाग), काचा आणि चाकं टेपच्या तुकड्यांनी तात्पुरती जोडून बघा. बॉडी चेसिसवर सहज बसते का? काच टपाला आतून टेकते का? चाकं मडगार्डच्या मधोमध दिसतात का? जिथे अडतंय तिथे आत्ता तासा. चमकदार रंग चढल्यावर तीच बॉडी ताणून बसवताना रंगाला तडा जातो.

आरसे, स्पॉयलर, वेगळे बंपर असे बॉडीच्याच रंगाचे सुटे भाग काड्यांवर किंवा क्लिपांवर लावून बॉडीसोबतच रंगवा, त्याच डब्याने, त्याच दिवशी. बॉडी आतून एखाद्या बाटलीवर दुहेरी टेपने घट्ट बसवली की तिला हात न लावता चहूबाजूंनी फिरवता येते.

प्रायमर हा रंग धरण्यासाठी असतोच, त्याहून जास्त तो चुका दाखवण्यासाठी असतो. करडा प्रायमर बसला की राहिलेली रेघ, ओरखडा, प्लास्टिक आक्रसून पडलेला खळगा लख्ख दिसतो. खळग्यात लांबी (पुटी) भरा, वाळू द्या, घासा, पुन्हा प्रायमर. दोन फेऱ्या लागतील असं धरूनच चला. शेवटी १००० ते १५०० नंबरने हलकेच गुळगुळीत करा आणि धूळ पुसून काढा.

रंगाचे हात

हवा दमट असेल तर त्या दिवशी लॅकर मारू नका. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि रंगावर दुधी झाक चढते. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबलात तर काही बिघडत नाही.

स्प्रेचा डबा हाताला कोमट लागेल इतक्याच पाण्यात काही मिनिटं ठेवा, म्हणजे दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. उकळतं पाणी किंवा आच अजिबात नाही, डबा फुटतो. नंतर तो चांगला दोन मिनिटं हलवा. आतल्या गोळीचा खडखडाट सुरू होणं ही सुरुवात आहे, तिथे थांबू नका.

वीतभर अंतर ठेवा, २० ते २५ सेंटीमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, एका वेगाने बॉडीवरून न्यायचा आणि पलीकडे गेल्यावरच बोट सोडायचं. बॉडीवर असताना बटण दाबलं की पहिला थेंब जाड पडतो आणि तिथेच ओघळ सुटतो.

पहिला हात नुसता शिंतोड्यांचा. खालचा प्रायमर दिसत राहील इतका विरळ. मन खट्टू होतं, वाटतं एकदाच भरून टाकावं. तसं करू नका. या विरळ थरामुळे पुढच्या थराला पकड मिळते. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात, थोडा दाट, मुख्यतः कडा आणि फटींकडे लक्ष देऊन, कारण रंग कडांवरून मागे सरकतो. पुन्हा थांबा. तिसरा हात ओला: फवारा किंचित सावकाश न्यायचा, रंग पृष्ठभागावर क्षणभर पाण्यासारखा चमकला पाहिजे आणि ओघळायच्या आत पुढे सरकलं पाहिजे. याचा अंदाज बॉडीवर घेऊ नका. प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर आधी करून बघा. चमच्याची गोलाई मडगार्डच्या गोलाईशी बऱ्यापैकी जुळते.

अंतर जास्त पडलं तर रंग हवेतच अर्धा वाळून बसतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खळग्यांचा होतो. घाबरू नका, पॉलिशमध्ये तो बराच निघतो. ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका; पूर्ण वाळू द्या, १००० नंबरने बसवा आणि वरून एक हात मारा. ओल्या रंगात केस किंवा धूलिकण पडला तरी तेच.

सगळंच बिनसलं तर बॉडी फेकायची गरज नाही. तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, झाकणाच्या भांड्यात, बुडवून ठेवली की अ‍ॅक्रिलिक आणि टीएससारखे स्प्रे जुन्या टूथब्रशने निघून येतात. लॅकर थिनरमध्ये मात्र बुडवू नका, त्यात बॉडीच विरघळेल.

रंग झाला की बॉडी मोठ्या डब्याने झाकून ठेवा आणि तिच्याकडे बघायचं नाही. अर्ध्या तासात बोटाला कोरडा लागणारा रंग आतून ओलाच असतो. कसोटी सोपी आहे: नाक जवळ नेऊन वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर रंग वाळलेला नाही. ओल्या हातांचे जाड थर असतील तर आठवडा धरा.

वाट बघताना: खालची गाडी

आता सूचनापत्रक पहिल्या पानापासून उघडा. चेसिस, सस्पेन्शन, एक्झॉस्ट यांत नवख्याला अवघड असं फारसं नाही, पत्रकाप्रमाणे जा. चेसिसला सेमीग्लॉस काळा, एक्झॉस्टला चंदेरी-करडा. एकच सावधगिरी: एक्सल चिकटवताना गाडी काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा आणि चारही चाकं टेकली आहेत ना ते गोंद वाळेपर्यंत दोनदा बघा. तीन पायांवर उभी राहणारी गाडी नंतर दुरुस्त होत नाही.

आतल्या भागात रंगांपेक्षा चमकेतला फरक बोलतो. आधुनिक गाडीचं आत बहुतेक सगळं काळंच असतं. सगळं एकाच काळ्याने रंगवलं तर खोल काळोखाशिवाय काही दिसत नाही. गालिच्याला सपाट मॅट, डॅशबोर्डला त्याहून जरासा तुकतुकीत, स्टिअरिंगला सेमीग्लॉस, सीटला अगदी गडद करडा. सीटबेल्टसाठी मास्किंग टेपची दीड-दोन मिलिमीटरची पट्टी कापून रंगवली की पुरे. अनेक जपानी किटमध्ये उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगचे दोन्ही डॅशबोर्ड येतात. कुठला लावायचा ते आधीच ठरवा, कारण वायपरची दिशा आणि नंबर प्लेटही त्याप्रमाणे बदलतात.

टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते. खडबडीत पेपरवर टायर फिरवून ती काढली की रबराची नवी चकाकीही जाते आणि गाडी रस्त्यावर चाललेली वाटते. मिश्र धातूच्या चाकांच्या खाचांत पातळ काळं इनॅमल सोडा, वर आलेलं पुसून घ्या. एवढ्याने चाकाला खोली येते.

डेकल, क्लिअर आणि पॉलिश

बॉडी वाळली. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची छापील चित्रं, असतील तर क्लिअरच्या आधी लावायचे. हवा तेवढा तुकडा कापा, कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून थोडा वेळ तसाच ठेवा आणि मग कागदावरून बॉडीवर सरकवा. ओढू नका, सरकत नसेल तर आणखी थोडं थांबा. जागेवर आला की ओल्या कापसाच्या बोळ्याने मधून कडेकडे पाणी आणि हवा काढा. वळणावर बसत नसेल तर डेकल सॉफ्टनरचा एक थेंब. त्याने डेकल सुरकुततो, तेव्हा हात लावायचा नाही, वाळताना तो आपोआप ताणून बसतो. रात्रभर राहू द्या.

क्लिअरचा पहिला हात डेकलवर ओला मारलात तर लॅकर डेकल खाऊन टाकेल. टीएस-१३ सारखा क्लिअर या बाबतीत चांगलाच जहाल आहे. दोन विरळ शिंतोड्यांचे हात, मध्ये पुरेसा वेळ, आणि मगच एक-दोन ओले हात. पुन्हा डब्याखाली, पुन्हा वासाची कसोटी.

पॉलिशला २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, साबणाचा एक थेंब टाकून घ्या आणि हलक्या हाताने घासा. पृष्ठभाग एकसारखा मंद झाला म्हणजे खळगे गेले. सगळ्यात जपायचं ते कडांना आणि बॉडीवरच्या उंच रेषांना. तिथे थर सर्वांत पातळ असतो, दोन घासण्यांत खालचा प्रायमर डोकावतो. कडांवर अरुंद मास्किंग टेप लावून मगच घासायला बसा आणि शेवटी टेप काढून तिथे फक्त कंपाउंड (चमक आणणारी पॉलिशची पेस्ट) वापरा. कंपाउंड आधी जाड, मग बारीक, मग फिनिश. प्रत्येकाला वेगळं मऊ कापड. फटींत अडकलेला पांढरा कंपाउंड मऊ ब्रशने धुऊन काढा.

फटींची खोली दाखवणारं पातळ इनॅमल यानंतरच सोडायचं. काळ्या किंवा गडद बॉडीला काळं, पांढऱ्याला करडं, लाल-पिवळ्याला तपकिरी. पांढऱ्या गाडीवर काळ्या रेघा ओढल्या की ती व्यंगचित्रासारखी दिसते. बाहेर आलेलं इनॅमल थिनरने पुसताना कापसाचा बोळा नुसता ओलसर ठेवा. उघड्या प्लास्टिकवर थिनर साचलं तर ते ठिसूळ होऊन तडकू शकतं.

खिडक्यांच्या काळ्या चौकटी

इथे घाई करू नका, कारण रंगाच्या खालोखाल नजर इथेच जाते. चौकटीभोवती मास्किंग टेपच्या अरुंद पट्ट्या लावा. वळणावर रुंद पट्टी ताणू नका, अरुंद पट्ट्या वळणाप्रमाणे वाकतात. कड नखाने किंवा लाकडी काडीने दाबून बसवा. बाकीची बॉडी पूर्ण झाका, कागद आणि टेपमध्ये सुईएवढीही फट नको. आता काळ्याच्या आधी टेपच्या कडेवर क्लिअरचा एक विरळ हात मारा. टेपखाली जे काही झिरपायचं ते क्लिअर झिरपतं आणि फट बंद होते. त्यावर सेमीग्लॉस काळा, दोन विरळ हात. रंग पूर्ण कडक व्हायच्या आत टेप स्वतःवरच उलटा दुमडत सावकाश काढा.

क्रोमच्या पट्ट्यांना रंगापेक्षा चिकट धातूचा पातळ पत्रा, बेअर-मेटल फॉइल, कधीही सरस. तुकडा ठेवा, कापसाने दाबून बसवा आणि अगदी कोऱ्या पात्याने कड कापून जादा भाग उचला. पात्याचं वजन पुरेसं असतं, दाबलंत तर खालचा रंग चिरतो.

काचा आतून लावायच्या, पांढऱ्या गोंदाने, कडेकडेला. काचेला काळी किनार हवी असेल तर ती आतल्या बाजूने रंगवा. मागच्या दिव्यांना क्लिअर लाल, इंडिकेटरला क्लिअर नारिंगी. टामियात हे एक्स-२७ आणि एक्स-२६. दिव्यामागची जागा आधी चंदेरी केलीत तर दिवा उजळतो, नाहीतर नुसता मंद लाल ठिपका दिसतो.

शेवटची जोडणी

हात धुवा, काचांवरची बोटं आतून पुसा. गाडी बंद झाल्यावर तिथे पोहोचता येत नाही. आतला टब चेसिसवर बसवा. बॉडीच्या खालच्या कडा दोन्ही हातांनी अलगद बाहेर ताणून ती समोरून आत सरकवा आणि मग मागून खाली दाबा. काही किटमध्ये उलटं असतं, ते टेपने तात्पुरती जोडताना कळलेलं असेलच. आरसे, वायपर, नंबर प्लेट, कंपनीची चिन्हं सर्वांत शेवटी, कारण ती आधी लावली की हमखास तुटतात. आरशाला गोंदाचा टिपूस सुईच्या टोकाने द्या, ट्यूबने नाही. अँटेना तुटली असेल तर स्प्रूचा तुकडा मेणबत्तीपासून जरा वर धरून मऊ करा आणि ताणा, केसाएवढी तार मिळते. मेणबत्ती पेटवण्याआधी रंग आणि थिनर खोलीबाहेर.

ठेवताना थेट ऊन टाळा, पांढरे डेकल पिवळे पडतात. काही टायरच्या मऊ प्लास्टिकमधलं द्रव्य कालांतराने पाझरतं आणि ज्यावर टायर टेकतात ते स्टायरीन किंवा रंग खातं. रंगवलेल्या तळफळीवर गाडी वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर चारही चाकांखाली काचेचा किंवा धातूच्या पत्र्याचा लहानसा तुकडा सरकवा, आणि धूळ झटकायला कापडाऐवजी मेकअपचा मऊ ब्रश वापरा. कापडाचा धागा पहिल्यांदा वायपरलाच अडकतो.